‘पोस्ट’ची तीन घराणी: इंग्रजी शब्दाचा माग काढायचा कसा

काही वर्षांपूर्वी मी एका सैनिकाच्या आठवणींचं भाषांतर करत होतो. त्यात एक साधं वाक्य होतं: ‘लास्ट पोस्ट’नंतर तो बराकीत परतला. मी लिहून टाकलं, ‘शेवटचं टपाल निघून गेल्यावर तो बराकीत परतला.’ वाक्य कुठेही अडखळत नव्हतं. पुढे वीसेक पानांनंतर त्याच ‘लास्ट पोस्ट’चे सूर ऐकून कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी थांबलो. टपालाचे सूर कसे ऐकू येतील? शोधल्यावर कळलं, की ही बिगुलाची धून आहे आणि तिचा पत्रांशी काही संबंध नाही. ते वाक्य तोवर चार वेळा माझ्या नजरेखालून गेलं होतं.

त्या चुकीनं मला एक गोष्ट शिकवली. चुकीचा अर्थ दरवेळी वाक्यात खड्यासारखा टोचत नाही, कधीकधी तो अगदी नीट बसतो. त्यामुळे ज्या शब्दांना अनेक अर्थ आहेत, त्यांचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा एकदा पुरता माग काढलेला बरा. ते कसं करायचं, हे ‘पोस्ट’ हाच शब्द हाती धरून सांगतो. रीत कुठल्याही शब्दाला चालते. ‘पोस्ट’ घेतला कारण तो आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, आणि त्याच्या पोटात इतकं काही दडलंय याची कल्पना बहुतेकांना नसते.

आधी वाक्यं, मग शब्दकोश

बहुतेकजण थेट शब्दकोश उघडतात आणि पंचवीस अर्थांची यादी पाहून मिटवतात. तसं करू नका. आधी तुमच्या कानावर आलेली वाक्यं जमवा. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, आणि ते पूर्ण. नुसता अर्थ लिहून ठेवला तर पुढे काहीच तपासता येत नाही.

माझ्या चिठ्ठ्यांवर अशी वाक्यं होती: तिची पोस्ट खूप फिरली. चेंडू पोस्टला लागून बाहेर गेला. त्याला वरची पोस्ट मिळाली. कागद पोस्टानं पाठव. पहारेकऱ्यानं पोस्ट सोडली. डोंगरावरच्या पोस्टवर बर्फ पडला. पोस्टमॉर्टेम झालं. परीक्षा पोस्टपोन झाली. भिंतीवर पोस्टर लागलं. कालच्या एंट्री पोस्ट केल्या का? काही कळलं तर कीप मी पोस्टेड.

आता प्रत्येक वाक्यात शब्दाचा सोबती कोण आहे ते पाहा. पोस्ट ‘टाकतो’, ‘मिळते’, ‘सोडतो’; चेंडू पोस्टला ‘लागतो’. क्रियापदं बदलली की समजावं, अर्थही बदलतोय.

इथे आपली मराठीही मदतीला येते. ‘पोस्टात टाक’, ‘पोस्टानं पाठव’ असं आपण म्हणतो, कारण टपालाचं पोस्ट नपुंसकलिंगी आहे (‘पोस्ट आज बंद आहे का? काल उघडलं होतं’) आणि त्याचं सामान्यरूप ‘पोस्टा-’ होतं. समाजमाध्यमावरची पोस्ट मात्र स्त्रीलिंगी. ‘तिच्या पोस्टमध्ये लिहिलंय’ असं म्हणतो, ‘तिच्या पोस्टात लिहिलंय’ असं कोणी म्हणत नाही. कोणी शिकवलेलं नसताना मराठी बोलणाऱ्यांनी हे दोन शब्द वेगळे ठेवलेत. इंग्रजी शब्द मराठीत कोणत्या लिंगात आणि कोणत्या विभक्तिरूपात वावरतो, हे टिपून ठेवा. कुठे वेगळं काही असावं, याचा पहिला सुगावा तिथेच लागतो.

चित्र पाहून ढीग करा

चिठ्ठ्या पसरा आणि प्रत्येक वाक्यातल्या ‘पोस्ट’च्या जागी एक मराठी शब्द बसवून पाहा. खांब, टपाल, हुद्दा, ठाणं, नंतर, लावणं, खतावणं. जिथे एकच मराठी शब्द दोन्ही वाक्यांत चालतो, त्या चिठ्ठ्या एका ढिगात. पहिल्या फेरीत माझे सात ढीग झाले होते. ते बरोबर आहेत का, याची चिंता आत्ता नको. ढीग चुकले तरी पुढच्या पायरीला दुरुस्त होतात, पण ढीगच केले नाहीत तर शब्दकोशाला विचारायचं काय हेच कळत नाही.

शब्दकोशातला बारीक आकडा

आता मोठा इंग्रजी शब्दकोश उघडा, आणि अर्थ वाचण्याआधी शीर्षशब्दाच्या खांद्यावरचा बारीक आकडा पाहा. ‘पोस्ट’ एकदाच येत नाही. पोस्ट १, पोस्ट २, पोस्ट ३ अशा स्वतंत्र नोंदी असतात. या आकड्याचा अर्थ असा: हे वेगवेगळे शब्द आहेत, त्यांचं नुसतं रूप जुळलंय. नोंदीच्या आत जे १, २, ३ येतात त्यांचा अर्थ वेगळा. ते एकाच शब्दाला फुटलेले फाटे असतात. खांद्यावरचा आकडा आणि पोटातला आकडा यांतला हा फरक कळला, की अर्धं काम झालं असं मी मानतो.

दुसरी गोष्ट, अर्थांचा क्रम. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश आणि मेरियम-वेबस्टरचा कोश अर्थ कालक्रमानं देतात, म्हणजे सर्वांत जुना आधी. विद्यार्थ्यांसाठीचे कोश सर्वांत वापरातला अर्थ आधी देतात. हे ठाऊक नसेल तर माणूस पहिल्याच अर्थाला मूळ अर्थ समजून बसतो. तेव्हा कोशाची प्रस्तावना वाचा. ती कोणी वाचत नाही, पण क्रम कसा लावलाय ते तिथेच लिहिलेलं असतं.

कोशाकोशात नोंदींची संख्या वेगळी दिसेल. एखादा कोश नाम आणि क्रियापद यांना वेगळे आकडे देतो, एखादा देत नाही. त्यानं गोंधळून न जाता व्युत्पत्तीच्या ओळी वाचत जा. दोन नोंदींची व्युत्पत्ती शेवटी एकाच लॅटिन शब्दाला भिडत असेल, तर ती सख्खी भावंडं.

एकेक पिढी मागे जा

इथे घाई करायची नाही. इंग्रजी ‘पोस्ट’वरून थेट लॅटिनवर उडी मारली तर मधली भाषा निसटते, आणि अर्थ बहुधा त्या मधल्या भाषेतच वळलेला असतो. वहीत तीन रकाने आखा: भाषा, रूप, अर्थ. ‘पोस्ट’साठी ते भरले की सात ढिगांची तीन घराणी होतात.

पहिलं घराणं खांबाचं. जुन्या इंग्रजीत ‘पोस्ट’ होताच, आणि तो आला लॅटिनमधल्या ‘पोस्तिस’वरून. त्याचा अर्थ दाराच्या चौकटीचा उभा खांब. गोलपोस्ट, लॅम्पपोस्ट, साइनपोस्ट सगळे इथले. घोड्यांच्या शर्यतीत शेवटचा खांब जो आधी ओलांडेल तो जिंकला. त्यावरूनच सर्वाधिक मतं मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो त्या निवडणूक पद्धतीला ‘फर्स्ट पास्ट द पोस्ट’ म्हणतात.

दुसरं घराणं मला सर्वांत आवडतं, कारण मराठी वाचकाला ते इंग्रजी वाचकापेक्षा लवकर उमगतं. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. त्याचं भूतकाळवाचक धातुसाधित तीन लिंगांत चालतं: ‘पोसितुस, पोसिता, पोसितुम’. म्हणजे ठेवलेला, ठेवलेली, ठेवलेलं. इंग्रजी माणसाला हे तक्ता पाठ करून शिकावं लागतं. आपण जन्मापासून तेच करत आलोय. यातल्या ‘ठेवलेली’पासून इटालियनमध्ये ‘पोस्ता’ झाला आणि ‘ठेवलेलं’पासून ‘पोस्तो’. दोन्ही फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आणि तिथे दोघांचंही तोंड सारखंच झालं: ‘पोस्ट’.

‘पोस्तो’ म्हणजे जागा, ठिकाण. सैनिकाला जिथे उभं ठेवलं ती त्याची पोस्ट. मग ठाणं, मग चौकी, आणि मग ज्या जागेवर माणूस नेमलाय तो हुद्दा. ‘वरची पोस्ट’ आणि ‘डोंगरावरची पोस्ट’ मी दोन ढिगांत ठेवल्या होत्या, इथे त्या एक झाल्या. मराठीतही ‘जागा’ हा शब्द नोकरीला वापरतातच: ‘तिथे एक जागा रिकामी आहे.’

तिसरं घराणं ‘नंतर’चं. लॅटिनमध्ये ‘पोस्त’ हे स्वतंत्र अव्यय होतं. अर्थ मागे, नंतर. पोस्टमॉर्टेम म्हणजे मृत्यूनंतर. पोस्टस्क्रिप्ट म्हणजे नंतर लिहिलेलं, आपला ताजा कलम. घड्याळातल्या पी. एम. मधला पी याच ‘पोस्त’चा, ‘पोस्त मेरिदिएम’, मध्यान्हानंतर. हे घराणं सरळ आहे, त्यावर जास्त थांबायला नको.

अर्थ वळला कुठे ते शोधा

हीच पायरी लोक गाळतात, आणि खरी गोडी तर इथेच आहे. ‘ठेवलेली’ या शब्दाचं ‘टपाल’ कसं झालं? ठेवणं म्हणजे स्थिर करणं, टपाल तर धावत असतं.

उत्तर घोड्यांत आहे. एकच घोडा लांबचा पल्ला वेगानं मारू शकत नाही, तो दमतो. म्हणून वाटेवर ठरावीक अंतरावर ताजे घोडे आणि स्वार आणून ठेवत. निरोप घेऊन आलेला स्वार तिथे घोडा बदलायचा, किंवा थैली पुढच्याच्या हाती द्यायचा. त्या ‘ठेवलेल्या’ टप्प्यांना म्हणायचे पोस्ता. १४९०च्या सुमारास हॅब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनसाठी इन्सब्रुक (आजच्या ऑस्ट्रियात) ते मेखेलेन (आजच्या बेल्जियममध्ये) अशी टप्प्यांची वाट बांधली गेली. ती बांधणारं तासो कुटुंब मूळचं इटलीतलं. हेच पुढे टॅक्सिस या नावानं प्रसिद्ध झालं. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५१६ साली, ब्रायन ट्यूक यांना ‘मास्टर ऑफ द पोस्ट्स’ नेमलं. या ‘पोस्ट्स’ म्हणजे पत्रं नव्हेत, माणसं-घोड्यांचे टप्पे. ही सोय राजाच्या कामासाठीच होती. सर्वसामान्यांना ती खुली झाली १६३५ साली, पहिल्या चार्ल्सच्या काळात.

शब्द कसा सरकत गेला पाहा. आधी वाटेवर ठेवलेला टप्पा. मग टप्प्यावरचा स्वार. मग स्वारांची सगळी व्यवस्था. मग त्या व्यवस्थेतून जाणारी पत्रं, आणि शेवटी ती जिथून निघतात ती कचेरी. प्रत्येक पाऊल शेजारच्याच वस्तूवर पडलंय, कुठेही लांब उडी नाही. तुम्ही जोडलेल्या साखळीत असं प्रत्येक पाऊल दाखवता आलं पाहिजे. एखादं दाखवता येत नसेल, तर एक कडी निसटली आहे असं समजून तिथेच आणखी शोधा.

वेगाचा अर्थही याच घोड्यांवरून आला. १६व्या शतकात तातडीच्या पत्रावर ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असं लिहीत. म्हणजे स्वाराला आज्ञा: घाई कर, स्वारा, घाई कर. त्याचाच ‘पोस्टहेस्ट’ झाला, अर्थ तातडीनं. वृत्तपत्रांच्या नावांतला ‘पोस्ट’ही याच घोडेस्वारांचा. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १८०१ साली काढलेलं न्यूयॉर्क इव्हनिंग पोस्ट असो, की १८७७चं वॉशिंग्टन पोस्ट, त्यात बातमी घेऊन येणारा टपालाचा स्वार आहे.

हिशेबातला ‘पोस्ट’ कोणत्या घराण्यातला, हे मला बराच काळ सुटत नव्हतं. रोजकीर्दीतली नोंद उचलून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडायची, याला इंग्रजीत ‘पोस्ट करणं’ म्हणतात, मराठीत खतावणं. कोश त्याला टपालाच्या ‘पोस्ट’खाली घालतात, एका वहीतून दुसरीकडे पोचवणं हा त्यातला धागा. खतावणी आजवरची लिहून झाली की म्हणत वही ‘पोस्टेड’ आहे, म्हणजे अद्ययावत. माणसालाही तसं अद्ययावत ठेवणं म्हणजे ‘कीप मी पोस्टेड’. कितीतरी लोक याचा अर्थ ‘मला पत्रं पाठवत राहा’ असा लावतात. मुळात विनंती अशी आहे, की माझी खतावणी मागे पडू देऊ नका.

आता समाजमाध्यमावरची पोस्ट. ती कोणाची? जवळजवळ सगळे टपालाकडे बोट दाखवतात, कारण आपण ती ‘टाकतो’, पत्रासारखी. पण मागे जाऊन पाहा. १७व्या शतकात इंग्रजीत ‘पोस्ट करणं’चा एक अर्थ होता खांबावर किंवा भिंतीवर सूचना चिकटवणं. जाहीर सूचना खांबाला ठोकत, म्हणून. त्या क्रियापदापासून पुढे ‘पोस्टर’ झाला. मग सूचनाफलक आले, त्यांवरही सूचना ‘पोस्ट’ व्हायची. संगणक एकमेकांना जोडले गेल्यावर त्यावरच्या सार्वजनिक जागांना सूचनाफलकच म्हणू लागले. १९८०मध्ये सुरू झालेल्या यूजनेटवर, म्हणजे संगणकांवरच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, लोक मजकूर ‘पोस्ट’ करू लागले. फेसबुकनंही त्या जागेला ‘वॉल’, म्हणजे भिंत, असंच नाव दिलं होतं. तेव्हा आपली पोस्ट ही खांबाच्या घराण्यातली. पत्र एकाला लिहितात, सूचना येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसाठी लावतात. हा फरक मनात ठेवला, तर काय पोस्ट करावं आणि काय पत्रात लिहावं हेही वेगळं दिसू लागतं, असा माझा अनुभव आहे.

तारखा लावून तपासा

सुचलेली प्रत्येक गोष्ट तारखेच्या कसोटीला लावायची. नियम एकच: नंतर आलेली वस्तू आधीच्या अर्थाचं कारण होऊ शकत नाही.

उदाहरण घ्या. एक तर्क सहज सुचतो, की पत्रं खांबासारख्या लाल पेटीत टाकतात म्हणून टपालाला ‘पोस्ट’ म्हणत असावेत. ऐकायला छान आहे. पण ब्रिटिश टपालखात्याच्या तसल्या पेट्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या १८५२ साली, जर्सी बेटावर, टपालखात्यात नोकरीला असलेल्या अँथनी ट्रॉलप या कादंबरीकाराच्या सूचनेवरून. आणि ब्रायन ट्यूक ‘पोस्ट्स’चे प्रमुख झाले होते १५१६मध्ये. सव्वातीनशे वर्षांचं अंतर. तर्क निकालात निघाला, आणि त्यासाठी दोनच तारखा पुरल्या.

मोठे कोश प्रत्येक अर्थाचं सर्वांत जुनं लिखित उदाहरण सालासह देतात. ते साल वहीत चौथा रकाना करून लिहा. एक खबरदारी मात्र घ्या: ते साल शब्द जन्मल्याचं नसतं, कागदावर पहिल्यांदा सापडल्याचं असतं. बोलण्यात तो त्याआधीपासून असू शकतो. म्हणून पाचदहा वर्षांच्या फरकावर काही उभारू नका. शतकांचा फरक असेल तर विश्वास ठेवा.

लपलेले नातेवाईक आणि तोतये

घराणी कळली की त्यांचे दूरचे नातेवाईक ओळखा. ‘ठेवणं’वाल्या पोनेरेचा गोतावळा मोठा आहे: पोझिशन, पॉझिटिव्ह, अपोझिट, पोश्चर. डिपॉझिटही त्यातलाच, बाजूला ठेवलेलं; आणि मराठीत आपण त्याला ‘ठेव’च म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच क्रियापद निवडलं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. कंपोस्ट म्हणजे एकत्र ठेवलेलं, एकावर एक रचलेलं. त्यातला ‘पोस्ट’ खांबाचा नाही, टपालाचा चुलतभाऊ आहे.

पोस्टपोन हा शब्द तर सोडून द्यायचा नाही. त्यातला पुढचा ‘पोस्ट’ तिसऱ्या घराण्यातला, ‘नंतर’. आणि मागचा ‘पोन’ म्हणजे पोनेरे, दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष. नंतर ठेवणं. दोन घराण्यांची सोयरीक एका शब्दात. तसाच ‘प्रिपॉस्टरस’: त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ शेजारी शेजारी आहेत. पुढचं मागे, मागचं पुढे, म्हणून विसंगत, म्हणून हास्यास्पद.

‘पॉस्थ्युमस’, म्हणजे मरणोत्तर. लॅटिनमध्ये ‘पोस्तुमुस’चा अर्थ होता ‘सर्वांत शेवटचा’. वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलालाही ते म्हणत. पुढे लोकांना वाटलं, यात ‘हुमुस’ म्हणजे माती असणार, पुरल्यानंतरचं ते पॉस्थ्युमस. त्या समजुतीपायी स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ घुसला आणि कायमचा राहिला. चुकीची व्युत्पत्तीसुद्धा शब्दाचं रूप बदलते. म्हणून लोकांनी रचलेल्या व्युत्पत्ती वहीतून खोडू नका, ‘लोकसमजूत’ असं लिहून ठेवा. कधी एखाद्या अक्षराचं कारण तिथेच सापडतं.

आता तोतये. ‘पॉस्च्युलेट’ म्हणजे गृहीतक पाहून वाटेल, हा कुठल्यातरी पोस्टचा असणार. नाही. तो लॅटिन ‘पोस्तुलारे’वरून, अर्थ मागणी करणं. मराठी कोशातलं ‘पोस्त’, अफूचं बोंड, हे फारसीतून आलंय, तिथे त्याचा अर्थ साल. आणि ‘पुष्ट’ आहे संस्कृत ‘पुष्’ धातूचा. नुसता उच्चार जुळला म्हणून नातं जोडायचं नाही.

हे मी आवर्जून सांगतोय, कारण आपल्याकडे प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून काढून दाखवण्याचा मोह फार आहे. नातं असतं, पण ते आईमुलीचं नसतं, बहिणींचं असतं. लॅटिन आणि संस्कृत एकाच प्राचीन भाषेच्या मुली. लॅटिन ‘पोस्त’ आणि आपलं ‘पश्चात्’ यांचं असं लांबचं बहिणपण अभ्यासक मानतात. लॅटिनमधला उभं राहण्याचा ‘स्तारे’ आणि आपला ‘स्था’ यांचं नातं तर स्पष्टच आहे. खांबवाल्या ‘पोस्तिस’मध्येही तो ‘स्तारे’ बहुधा असावा, असं कोश सांगतात. कोश ‘बहुधा’ म्हणत असेल तर तुमच्या वहीतही ‘बहुधा’ राहिलं पाहिजे. नकल करताना गळतो तो नेमका हाच शब्द.

पुन्हा पहिल्या वाक्याकडे

माग काढून झाला की ज्या वाक्यावरून सुरुवात केली तिथे परत जायचं, नाहीतर सगळी खटपट वहीतच राहते. माझं वाक्य ‘लास्ट पोस्ट’चं होतं.

ब्रिटिश सैन्यात रात्री अधिकारी छावणीभोवतीच्या पहाऱ्याच्या जागा तपासत फिरायचा. पहिल्या जागेशी बिगुल वाजायचा, तो ‘फर्स्ट पोस्ट’. शेवटची जागा तपासून झाली की ‘लास्ट पोस्ट’. सगळे पहारेकरी आपापल्या ठिकाणी आहेत, छावणी सुरक्षित आहे, आता झोपा. म्हणजे हा ‘ठेवलेलं’चा, पोस्तोचा पोस्ट. पुढे तीच धून सैनिकांच्या दफनाच्या वेळी वाजू लागली: तुझा पहारा संपला, आता विश्रांती घे. बेल्जियममधल्या ईपर गावी मेनिन गेट नावाचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या, पण ज्यांची कबर कुठे आहे ते ठाऊक नाही, अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्यावर कोरलीत. तिथे १९२८पासून रोज रात्री आठ वाजता ही धून वाजवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गाव होतं तेवढ्या काळात ती तिथे बंद होती. ६ सप्टेंबर १९४४ला गाव मुक्त झालं आणि त्याच संध्याकाळी ती पुन्हा वाजली.

हे कळल्यावर मी वाक्य बदललं: ‘रात्रीच्या पहाऱ्याचा शेवटचा बिगूल झाल्यावर तो बराकीत परतला.’ आणि वीस पानांनंतर जिथे कोणाच्या डोळ्यांत पाणी येतं, तिथे ‘लास्ट पोस्ट’ हे नाव तसंच ठेवलं. आधीच्या वाक्यात बिगूल आल्यामुळे वाचकाला ते आता कळणार होतं.

तुमच्यासाठी एक शब्द

हात बसायला दुसरा शब्द घ्या: ‘बार’. वाक्यं जमवा. साबणाचा बार, खिडकीचे बार, दारूचा बार, वकिलांचा बार, आणि हवेचा दाब मोजण्याचं एकक असलेला बार. ‘पोस्ट’च्या उलट इथे जवळजवळ सगळे एकाच घरातले आहेत. दांडा हा मूळपुरुष, त्यापासून अडसर, मग न्यायालयात न्यायाधीश आणि लोक यांच्यामधला कठडा, आणि पिणाऱ्याच्या आणि वाढणाऱ्याच्या मधला लांब ओटा. मात्र या पाचांत एक पाहुणा आहे, ग्रीकमधल्या ‘वजन’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. तो कोणता, हे चिठ्ठ्या पसरून शोधा. ‘बॅरोमीटर’ हा शब्द जवळ ठेवा, उपयोगी पडेल.